विसरलेले कलन

कॉलेजात विज्ञान घेतलेली, आज साठीच्या घरात असलेली चार माणसे एकत्र बसली असता त्यांना सहज विचारून पाहावे, की डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय? एक्सचा वर्ग असला की टू एक्स, इतके एकजण चटकन सांगतो. साइनचे कॉस होते, हेही कोणाला तरी आठवते. पण हे टू एक्स कशाचे, ते काढून काय कळते, आणि कोणाला कळून घ्यायचे होते, असे पुढे विचारले की चौघेही छताच्या पंख्याकडे पाहू लागतात.

आम्ही हे दुसऱ्या कोणाची थट्टा म्हणून सांगत नाही. ते चौघे आम्हीच. वर्ध्यात राहणारे, एक टपाल खात्यातून निवृत्त झालेला, एक औषधांच्या दुकानाचा मालक, एक पाटबंधारे कचेरीत हयात घालवलेला, आणि एक शाळेत मराठी शिकवलेल्या बाई. बाईंनी बी.एस्सी.चे पहिले वर्ष करून मग मराठीकडे वळण घेतले होते. चौघांनीही एके काळी कलनशास्त्राचा पेपर दिला होता आणि चौघेही त्यात बऱ्यापैकी गुणांनी उत्तीर्ण झाले होते.

आमच्यापैकी एकाची नात बारावीत होती. तिने एका संध्याकाळी वही पुढे केली आणि विचारले, "आजोबा, भागताना एच शून्य नाही असं पुस्तक म्हणतं. भागून झालं की लगेच शून्य घालतं. मग तो शून्य आहे की नाही?"

आजोबांनी वही पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तसंच करायचं असतं."

हेच उत्तर त्यांना स्वतःला चाळीस वर्षांपूर्वी वर्गात मिळाले होते. ते मुकाट्याने घेऊन त्यांनी गुण मिळवले होते. नातीने मात्र ते घेतले नाही. ती "बरं" म्हणून उठून गेली, आणि तो "बरं" आजोबांना फार लागला. त्यातून आमची रविवारची बैठक सुरू झाली.

आता पहिला प्रश्न असा, की इतके सगळे गेले कुठे? भूमिती थोडी राहते, त्रैराशिक तर मरेपर्यंत राहते, मग कलनच असे धुऊन का जावे? याविषयी एक शोध आम्हास मोठा उद्बोधक वाटला. अमेरिकेतील हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत बीजगणित शिकून झाल्याला पन्नास-पन्नास वर्षे लोटलेल्या माणसांना त्यांनी बीजगणिताचे प्रश्न घातले. ज्यांनी शाळेनंतर गणित सोडले, त्यांचे बीजगणित, शाळेत गुण चांगले असूनही, जवळजवळ पुसले गेले होते. ज्यांनी पुढे कॉलेजात कलनापर्यंत किंवा त्याच्या वर गणित केले, त्यांचे बीजगणित पन्नास वर्षांनीही बव्हंशी शाबूत होते, मग त्यांनी मधल्या काळात त्याला हात लावलेला असो वा नसो.

याचा अर्थ आम्ही आमच्या रीतीने असा लावतो. घराचा खालचा मजला वरच्या मजल्याच्या भाराने घट्ट बसतो. कलन करताना बीजगणित रोज वापरावे लागते, म्हणून ते मुरते. पण कलनावर मजला चढतो किती जणांच्या? इंजिनियर, पदार्थवैज्ञानिक, थोडे अर्थशास्त्री. बाकी सर्वांच्या घराची ती गच्ची ठरते, आणि गच्चीवरच ऊन-पाऊस पडतो.

दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीवर एक ग्रंथ लिहिला. निरर्थक अक्षरांच्या माळा तो पाठ करी, काही काळ जाऊ देई, आणि त्याच माळा पुन्हा पाठ करी. एकही अक्षर आठवत नाही असे वाटले तरी दुसऱ्या खेपेस पाठांतराला वेळ कमी लागे. गेले म्हणून ज्याला आपण म्हणतो त्याचा काही गाळ तळाशी शिल्लक असतो. आम्हीही तो अनुभव घेतला. गुणाकाराच्या अवकलनाचा नियम कोणालाच सांगता येईना. पण एकदा कागदावर लिहिला गेल्यावर "हो, हो, हाच तो" असे चौघेही एकदम म्हणालो. मात्र नियम ओळखीचा निघाला, म्हणजे समजला असे नव्हे. ही फसगत पुढे सांगू.

सुरुवात कोठून करावी यावर आमचे दोन रविवार वादात गेले. जुने पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून धरावे असे दुकानदार मित्राचे मत होते. तसे करूनही पाहिले आणि चौथ्या पानावर सगळे पेंगू लागले. शेवटी बाईंनी सांगितले, की शब्दाचा अर्थ शिकवायचा तर व्याकरणापासून कोणी सुरुवात करीत नाही, वाक्यापासून करतो. तेव्हा एखादी घडणारी गोष्ट घ्या.

आम्ही विहीर घेतली. विदर्भात विहिरीला तोटा नाही आणि तीत दगड न टाकलेला माणूस नाही. समजा, काठापासून पाणी २० मीटर खाली आहे. दगड हातातून सुटला, तर सुमारे दोन सेकंदांनी 'डुबुक' ऐकू येते. पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे गॅलिलिओने दाखवून दिले. हवेचा अडथळा सोडून दिला, तर सेकंदांच्या आकड्याचा वर्ग करून त्याला ४.९ ने गुणावे म्हणजे मीटर मिळतात. तोंडी हिशेबासाठी आम्ही ५ धरतो. एका सेकंदात ५ मीटर, दोन सेकंदांत २०.

आता प्रश्न: पाण्याला लागतेवेळी दगडाचा वेग किती?

२० मीटर आणि २ सेकंद, म्हणजे सेकंदाला १० मीटर, असे कोणी म्हणेल. पण तो सरासरी वेग झाला. पुलगाव-आर्वी ही आपल्या जिल्ह्यातली नॅरोगेज गाडी, जी आता बंद पडली आहे, ३५ किलोमीटर जाई. समजा एखाद्या दिवशी तिला अडीच तास लागले, तर सरासरी वेग ताशी १४ किलोमीटर निघतो. पण म्हणून ती स्टेशनात उभी असतानाही १४ नेच धावत होती असे कोणी म्हणणार नाही. दगडाचेही तसेच. वरून निघताना त्याचा वेग शून्य होता. खाली पोचताना तो पुष्कळच जास्त असणार.

मग शेवटचा तेवढा तुकडा घेऊन पाहू. १.९ सेकंदांत दगड ५ गुणिले ३.६१, म्हणजे १८.०५ मीटर गेला. उरलेले १.९५ मीटर त्याने ०.१ सेकंदात कापले. वेग १९.५. तुकडा आणखी लहान करू. १.९९ ते २ सेकंद यांत अंतर ०.१९९५ मीटर, वेळ ०.०१ सेकंद, वेग १९.९५. आणखी लहान, १.९९९ पासून घेतला तर वेग १९.९९५. हे आकडे कोठे चालले आहेत ते चौथीतला मुलगाही सांगेल. ते २० कडे चालले आहेत. सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर; विहिरीत वाकून पाहणाऱ्या मुलांना मागे का ओढावे ते यावरून कळते.

हे आकडे आम्ही पाटीवर हाताने काढले. ज्याने पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आयुष्यभर आकडेच मांडले तो आमचा मित्र म्हणाला, "हे असं मला कोणी दाखवलंच नव्हतं." कदाचित दाखवलेही असेल, त्या वयात परीक्षेला न येणारे कोण पाहतो?

आता तुकड्याच्या लांबीला एच म्हणू आणि सगळे एकदमच करू. शेवटच्या एच सेकंदांत कापलेले अंतर २० एच वजा एचच्या वर्गाची पाचपट. एचने भागले की वेग मिळतो: २० वजा ५ एच. येथे नातीचा प्रश्न उभा राहतो. भागताना एच शून्य असून चालत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. आणि २० हे उत्तर तर एच शून्य घातल्यावरच दिसते.

हा प्रश्न बारावीतल्या मुलीने विचारला म्हणून लहान समजू नये. बर्कली नावाच्या बिशपाने १७३४ साली हाच प्रश्न न्यूटनच्या अनुयायांना विचारून त्यांची पुरेवाट केली होती. धर्मावर अविश्वास दाखवणारे गणिती स्वतः मात्र अशा भुतासारख्या राशींवर विश्वास ठेवतात, असा त्याचा टोला होता. त्याला समाधानकारक उत्तर मिळायला शंभर वर्षे गेली. फ्रान्सात कोशीने १८२१ च्या आपल्या ग्रंथात त्याचा पाया घातला आणि पुढे जर्मनीत वायरस्ट्रासने ते काटेकोर केले.

ते उत्तर असे आहे. एच शून्य होतच नाही. कधीही होत नाही. विचारायचे इतकेच, की एच लहान लहान होत गेला तर २० वजा ५ एच कोणत्या संख्येला हवे तितके जवळ जाते? तुम्ही म्हणालात, की मला एक सहस्रांशापेक्षा अधिक चूक चालणार नाही. आम्ही म्हणू, मग एच दोन दशसहस्रांशांहून लहान घ्या, काम झाले. तुम्ही अट आणखी कडक करा, आम्ही एच आणखी लहान करून देऊ. तुम्ही कोणतीही अट घाला, आम्हाला ती पुरी करता येते, आणि ती फक्त २० याच संख्येच्या बाबतीत येते, १९.९९ च्या बाबतीत येत नाही. म्हणून २० ही त्या वेगाची सीमा. 'एच शून्य घाला' हा नुसता सोयीचा आडमार्ग आहे. तो येथे बरोबर उत्तर देतो म्हणून पुस्तके तो घेतात, आणि तो का घेतला ते बहुधा सांगत नाहीत.

एवढे समजायला आमचे चार रविवार गेले. पण त्या चार रविवारांत कॉलेजच्या दोन वर्षांपेक्षा अधिक हाती लागले, असे आम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

याच सुमारास आमच्या हाती एक जुनी हकीकत आली. ती आपल्या शेजारच्या नागपूरशी जोडलेली आहे. पुण्यास १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री लहानपणी नागपुरास राहिले आणि तेथेच एका कान्यकुब्ज पंडितापाशी भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित शिकले. लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अंमलदाराने त्यांची बुद्धी हेरून त्यांना भोपाळजवळच्या सिहोरला नेले. पुढे १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागले. या बापूदेवांनी १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहून असे दाखवले, की भास्कराचार्यांना अवकलनाची मूळ कल्पना ठाऊक होती.

आधार होता ११५० सालचा सिद्धान्तशिरोमणी. ग्रह रोज सारख्या गतीने चालत नाही. आजचे स्थान आणि उद्याचे स्थान यांतील फरक म्हणजे त्याची दिवसाची गती झाली, पण चंद्रासारख्या त्वरेने चालणाऱ्याची गती दिवसातल्या दिवसातच बदलते. तेव्हा त्या क्षणाची गती वेगळी काढली पाहिजे. तिला भास्कराचार्य तात्कालिक गती म्हणतात. ती काढण्यासाठी ज्या, म्हणजे आपले साइन, किती वेगाने बदलते हे त्यांना हवे होते, आणि तो बदल कोटिज्येच्या, म्हणजे कॉसच्या, प्रमाणात असतो हे त्यांनी सांगितले. "साइनचे कॉस" हे जे आम्हाला पोपटासारखे आठवत होते, ते हेच! इतकेच नव्हे, तर ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांतला फरक जेथे सर्वांत मोठा असतो तेथे गतीचा फरक शून्य होतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

यावरून न्यूटन-लायब्निझ यांचे श्रेय काढून घेऊन पाचशे वर्षे मागे नेऊन ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही. १८६० साली स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञाने बापूदेवांच्या लेखावर लिहिताना भास्कराचार्यांच्या सूक्ष्म दृष्टीची वाखाणणी केली, पण दावा थोडा फार पुढे गेला आहे असेही सुचवले. आणि ते योग्यच होते. एका ग्रहाचा प्रश्न सोडवणे वेगळे, आणि कोणत्याही प्रश्नाला लावता येईल अशी रीत बांधणे वेगळे. पण क्षणाची गती हा विचार चंद्राकडे पाहता पाहता या देशात एका माणसाला सुचला होता, हे कळल्यावर आमच्या वहीतले साइन-कॉस जिवंत झाले.

शिखरावर फरक शून्य होतो, हीच गोष्ट आम्ही मग जमिनीवर आणली. आपल्याकडे शेतकऱ्याला रोही आणि रानडुक्कर यांनी जेरीस आणले आहे, तेव्हा कुंपणाचा प्रश्न कोणालाही परका नाही. नाल्याकाठी शेत आहे; नाल्याच्या बाजूला तार लागत नाही; २०० मीटर तार हाताशी आहे; तीन बाजूंना ती लावून जास्तीत जास्त जागा कशी घेरावी? रुंदी ४० मीटर ठेवली तर लांबीला १२० उरतात, जागा ४८०० चौरस मीटर. रुंदी ६० ठेवली तर लांबी ८०, पुन्हा ४८००. मध्ये कोठे तरी माथा आहे. टेकडी चढताना वाट वर जाते, उतरताना खाली. ऐन माथ्यावर ती ना वर ना खाली. म्हणून जागा ज्या वेगाने बदलते तो वेग जेथे शून्य, तेथे माथा. रुंदीला क्ष म्हटले तर तो वेग २०० वजा ४ क्ष येतो. तो शून्य केव्हा? क्ष ५० असताना. लांबी १००, जागा ५००० चौरस मीटर.

हे कलनाशिवायही येते, हे सांगितले नाही तर लबाडी होईल. जागा म्हणजे ५००० मधून (५० वजा क्ष) याच्या वर्गाची दुप्पट वजा केलेली. वर्ग ऋण होत नाही, म्हणून क्ष ५० असतानाच जागा सर्वांत जास्त. दिल्ली कॉलेजातले मास्तर रामचंद्र यांनी असे महत्तम-लघुत्तमाचे प्रश्न केवळ बीजगणिताने सोडवणारा एक ग्रंथच १८५० साली कलकत्त्यास छापला. लंडनच्या डी मॉर्गन यांना तो इतका आवडला, की १८५९ साली त्यांनी आपल्या प्रस्तावनेसह तो इंग्लंडात पुन्हा काढवला. आमच्या बैठकीत रामचंद्रांची रीत बाईंना अधिक भावली, कलनाची दुकानदारांना. वाद अजून मिटलेला नाही.

आता फसगतीविषयी. आमची समजूत होती, की अडचण सीमेत येईल. ती अपूर्णांकात आली. एक भागिले क्ष याचे अवकलन काढताना दोन अपूर्णांकांची वजाबाकी करावी लागते. टपालवाल्या मित्राने छेदांतून छेद सरळ वजा करून टाकले आणि उत्तर असे काही भलतेच आले, की आम्ही अर्धा तास कलनाला दोष देत बसलो. पदावली, घातांक, त्रिकोणमितीची चार सूत्रे, ही जुनी भांडी आधी घासावी लागतात. त्याची लाज वाटते, कारण ती आठवी-नववीची आहेत. पण त्याला उपाय नाही. वर सांगितलेल्या मजल्यांपैकी मधल्याला कोठे भेग पडली आहे ते वर चढताना पाय अडकला म्हणजेच दिसते.

दुसरी फसगत अधिक गोड आहे. सोडवलेले उदाहरण वाचताना ओळीमागून ओळ पटत जाते, माणूस मान डोलावतो आणि पुस्तक मिटतो. मग कोरा कागद पुढे आला की हात दुसऱ्या ओळीवर थांबतो. आम्ही नियम केला, की मान डोलावणाऱ्याने ताबडतोब उठून पाटीवर तेच करून दाखवावे. त्या दिवसापासून मान डोलावणे पुष्कळ कमी झाले.

पुस्तकांपैकी सिल्वेनस थॉम्प्सन यांचे १९१० सालचे 'कॅल्क्युलस मेड ईझी' आम्हास उपयोगी पडले. विजेच्या इंजिनियरीचे हे प्राध्यापक. त्यांनी पहिल्या आवृत्तीवर आपले नावही घातले नव्हते. इंग्रजी जुने आहे, पण लेखक वाचकाला मूर्ख समजत नाही.

शेवटी समाकलन, ज्याला आपण इंटिग्रेशन म्हणत असू. त्यासाठी पुन्हा विहिरीकडेच गेलो. आता अंतर ठाऊक नाही असे समजू; दर क्षणाचा वेग तेवढा ठाऊक आहे, सेकंदाच्या आकड्याच्या दसपट. आडव्या रेषेवर वेळ आणि उभ्या रेषेवर वेग मांडला तर एक तिरपी सरळ रेघ येते. दोन सेकंदांपाशी तिची उंची २०. बारीक क्षणात कापलेले अंतर म्हणजे वेग गुणिले तो क्षण, अर्थात एक अरुंद उभी पट्टी. सगळ्या पट्ट्या मिळून त्रिकोण भरतो. पाया २, उंची २०, क्षेत्रफळ २०. आणि विहीर होती २० मीटर!

आम्ही चौघेही क्षणभर गप्प झालो. अंतरावरून वेग काढला, वेगावरून अंतर काढले, आणि निघालो तेथेच येऊन पोचलो. ही एकमेकांची उलट क्रिया आहे हे वाक्य आम्ही परीक्षेत लिहिले होते. ते खरे आहे हे विहिरीने दाखवले. पाटबंधाऱ्याचा मित्र मग म्हणाला, की सांडव्यावरून दर तासाला किती पाणी जाते याच्या नोंदी मांडून एकूण पाणी काढण्यात त्याच्या कित्येक पावसाळ्यांच्या रात्री गेल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं इंटिग्रेशनच करीत होतो," तो म्हणाला, आणि थोडा रागावलाही.

त्याचा राग आम्हास कळतो. १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात देशातली शिक्षणज्ञ मंडळी जमली होती आणि हाताच्या कामातून ज्ञान द्यावे असा विचार येथून देशभर गेला. त्या गावातही कलन मात्र गुणांच्या कामातूनच दिले जाते. पवनारच्या विनोबांची आठवण येथे येते. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि काशीस गेले. परीक्षा त्यांनी सोडली, पण गणिताची ओढ त्यांना जन्मभर राहिली. आम्ही परीक्षा दिली, आणि गणित सुरतेस उतरून गेले.

नात बारावी होऊन आता पुण्यास शिकते. आजोबांनी तिला फोनवर सहस्रांशाची अट आणि दोन दशसहस्रांशांचा एच समजावून सांगितला. ती म्हणाली, "हे मला आता कॉलेजात सांगितलं." मग थोडे थांबून म्हणाली, "पण विहिरीचं नव्हतं सांगितलं. ते परत सांगा."

येत्या रविवारी आम्ही भागशः समाकलन घेणार आहोत. सूत्र कोणालाच आठवत नाही. बाईंना त्याची चाल तेवढी आठवते.